मायच्या दारातलं मेट्रो स्टेशन

पायाला भिंगरी लागलीय, असं माय माझ्याबद्दल म्हणते, आणि ते खरंच आहे. मी आदिलाबादला शाळेत भूगोल शिकवते. माय तामसीकडच्या आमच्या खेड्यात एकटीच राहते. मागे अंगणात घसरून पडली, तेव्हापासून तर माझा जीव थाऱ्यावरच नाही. अवेळी फोन वाजला की मिळेल त्या बसने तिच्याकडे धावते. माझ्याकडे चल म्हणून किती विनवलं, पण शहरात मन रमत नाही, हे तिचं एकच टुमणं.

शेवटी सुट्टीत मी नकाशाचं खूळ डोक्यात घेतलं. वर्गात पोरांना देते तोच खेळ: शहर हवं तेवढं वाढवा, हव्या तिथून गाड्या सोडा. मी आदिलाबादला मेट्रो देऊन टाकली. इथे बस वेळेवर आली तरी लोक घड्याळ तपासतात, तिथे मेट्रो! लाल लाईन बसस्टँडवरून निघून कापसाच्या जिनिंग मिलला वळसा घालत थेट आमच्या गावात. एक स्टेशन गावातल्या बुद्धविहाराजवळ, शेवटचं मायच्या दारात. शहराची हद्द निळ्या पेन्सिलीने ओढली, पुसली, पुन्हा ओढली, मायचं घर आत येईपर्यंत.

रविवारी बसने गेले. माय मेथी निवडत बसली होती. तिच्यापुढे कागद पसरला आणि पटवायला लागले, की तू आता शहरातच आलीस, माझ्या घरी येणं म्हणजे या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात. माय खुदकन हसली. बाजाराला गाडी थांबते का, विचारलं. मी लगेच तिथेही स्टेशन काढलं. म्हटलं, जमलं बाई एकदाचं.

मग तिने निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे सारं आता शहरच झालं?"

"हो, माय."

"आन् गाडी इथून तुह्या शाळेपावतर जाते?"

"जाते ना."

"मंग तू इथूनच काऊन नाई जात?"

मेट्रो कशाला, बस तर आजही जाते. आमच्या शाळेतले दोघं शिक्षक तिकडूनच रोज येतात. मला हे सुचलंच नव्हतं, याचा मला भयंकर राग आला.

माय उठली. आतल्या खोलीत जाऊन कांद्याचं पोतं ओढायला लागली, माझ्या खाटेपुरती जागा करायला. एकदा पडलेली बाई, आणि एवढं जड पोतं. मी धावले आणि दुसरं टोक धरलं.