पायऱ्या मोजणाऱ्या परबबाई

शनिवार, ३१ जानेवारी २०२६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. पुण्यातल्या प्रयोगशाळेत जाण्यासाठी मी खोलीला कुलूप लावत होते, तेवढ्यात परबबाईंच्या पुतणीचा, सुजाताचा, फोन आला. ‘काकी गेली गो,’ एवढेच ती म्हणाली… पहाटे, झोपेतच. त्यानंतर माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो मी लपवत नाही. आज शनिवार, मग पायऱ्या कोण मोजणार?

बाई धामापूरच्या तळ्याजवळच्या वाडीत प्राथमिक शिक्षिका होत्या आणि पहिली ते चौथी मी त्यांच्या हाताखाली शिकले. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत, उंबरठा ओलांडला की मालवणी. शनिवारी सकाळची शाळा असे, आणि प्रार्थना आटोपली की सगळा वर्ग तळ्यावर. देवळाखालच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर कोरड्या आहेत हे पाळीने एकेका मुलाने मोजायचे आणि तळ्याच्या वहीत तारीख, आकडा व स्वतःचे नाव लिहायचे. बाकीचे तोवर डोळे मिटून काठावर बसत आणि जितके निरनिराळे आवाज येतील तितकी बोटे दुमडत. वजाबाकी आम्ही गेल्या शनिवारच्या आकड्यातून शिकलो, आणि माडाची उंची त्याच्या सावलीवरून काढताना गुणाकार. नियम एकच होता. ‘बघूक नाय, तर बघूक नाय असा लिवा,’ बाई सांगत. ‘ता पण उत्तरच आसा.’

माझे वडील कुडाळला कचेरीत कारकून होते आणि माझ्या चौथीच्या शिष्यवृत्तीवर त्यांचा जीव टांगलेला होता. एका शनिवारी ते थेट तळ्यावर आले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, ‘बाई, यंदाची परीक्षा इथे घाटावर घेणार आहेत का?’

‘नाय ओ,’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘हंय बाकडी खंय आसत?’

मुले हसली. मी हसले नाही. मला ती शिष्यवृत्ती हवी होती, वडिलांपेक्षाही जास्त. म्हणूनच, माझी पाळी आली त्या शनिवारी, बाई धाकट्या मुलांना देवराईतली वारुळे दाखवत असताना, मी पायऱ्यांकडे गेलेच नाही. आंब्याखाली बसून सरावाची गणिते सोडवली. मागचे तीन आकडे अकरा, बारा, तेरा होते, तेव्हा मी चौदा लिहिले आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव घातले. बाईंनी वही पाहिली.

‘चौदाव्या पायरीर काय होता गो?’

‘शेवाळ,’ मी म्हणाले.

‘बरां.’

पुढच्या शनिवारी आकडा आला अठरा. दहा दिवसांपूर्वीच वायंगणी भातासाठी, म्हणजे उन्हाळी शेतीसाठी, तळ्याचे पाणी सोडले होते, आणि ते मोजायला जाणाऱ्या कोणालाही दिसले असते. ‘तळ्यान उडी मारल्यान की आमी?’ एवढेच बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता पान उलटले. शिष्यवृत्ती मला मिळाली.

निवृत्तीनंतरही बाईंनी मोजणी सोडली नाही. तळ्यांच्या पाणीपातळीवर मी संशोधन सुरू केले, तेव्हा इतक्या वर्षांच्या सलग नोंदी माझ्या हाताशी होत्या याचा मला केवढा अभिमान वाटला! सगळ्या वह्यांची छायाचित्रे काढली, आकडे संगणकात भरले, त्यात तो चौदाही भरला. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मसुद्यात तो आलेखावर अगदी रेषेवर बसला होता… खोटा आकडा नेहमी रेषेवरच बसतो, हे मला कोणी नव्याने सांगायला नको होते.

प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून मी गावी गेले, ती हे सांगायचे ठरवून. बाई पडवीतल्या खाटेवर होत्या. वहीच्या शेवटच्या तीन ओळींत आकडा नव्हता, फक्त ‘पाहिले नाही’. शेजारी सांगत, साधारण इतक्या असतील. पण ‘साधारण’ बाईंना चालत नसे. मला पाहताच त्यांनी पेन्सिल पुढे केली. ‘तुझी पाळी.’

मी गेले, मोजले, परत येऊन सांगितले, ‘नऊ.’

‘धाव्या पायरीर काय होता?’

‘दहावी अर्धी ओली आहे. काठाला अबोलीची एक वेणी अडकली आहे. पाणकोंबडीची पावले उमटलीत, अजून सुकलेली नाहीत.’ आणि त्याच श्वासात, घाबरून, मी चौथीतली गोष्ट सांगून टाकली.

‘ता माका त्याच दिसा कळला,’ बाई म्हणाल्या. ‘शाळा सुटल्यार मी स्वता जाऊन मोजून इलंय.’

‘मग खोडलंत का नाही?’

‘वही पोरांची. तुझो आकडो मी कशाक खोडू?’

‘किती होत्या, बाई?’ मी विचारले. माझ्या आलेखातली जागा भरायची होती, हे त्यांनी ओळखले असावे. खोकला येईपर्यंत त्या हसल्या. ‘आता इचारतंस? बस आता तशीच, आकड्याशिवाय.’ सुजाताने जुनी वही काढून दिली. चौदावर मी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, ‘पाहिले नाही.’ नवी वही मात्र बाईंनी स्वतःकडे ओढली आणि त्या दिवसाची ओळ स्वतः लिहिली. मी सांगितलेला नऊ त्यांनी जसाच्या तसा घेतला नव्हता.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे, एका आकड्याने निष्कर्ष बदलत नाही. खरे आहे, बदलला नाही. पण आलेखात आता एक मोकळी जागा आहे आणि तिच्याखाली कारणासह माझे नाव आहे.

बाराव्याला गेले तेव्हा सुजाताने ती नवी वही मला दिली. ३१ जानेवारीच्या ओळीत मी ‘पाहिले नाही’ लिहिले. सही करताना नजर वरच्या ओळीवर गेली. अक्षर कापरे आहे, पण आकडा स्पष्ट वाचता येतो… २४ जानेवारी, कोरड्या पायऱ्या साडेनऊ.