माती नीट ठेव

घरातून निघाले की गॅस बंद केला का, ही शंका मला चौकात पोहोचल्यावर येते. कितीदा तरी मी अर्ध्या वाटेवरून परत फिरून कुलूप ओढून पाहिलं आहे. आई हसते. म्हणते, "काहून एवढी भेते वं तू? घर कुठं पळून चाललं काय?" तेव्हा मे महिन्यात मातीचे चार डबे माझ्या हाती आले आणि ते घरी ठेवून मी शिबिराला गेले, यात माझ्या जिवाचं काय झालं असेल हे ओळखीच्या माणसांना सांगायला नको.

मी नागपुरात मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे येते ती बहुतेक काळी माती. कापसाची, संत्र्याच्या बागांची, रामटेककडची धानाची. हे डबे मात्र कोकणातून आले होते, एका खाडीकाठच्या शेतकऱ्याकडून. त्याच्या गावाची बरीच जमीन अशी, की तिच्यावर रोज भरतीचं मचूळ पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं. तिवरांची मुळं, लव्हाळ्याची पाती, गाळ, सगळं त्या पाण्याखाली अर्धवट कुजत थरावर थर बसलेलं. पुस्तकात अशा मातीला पीट म्हणतात. हातात घेतली तर चिखलापेक्षा भिजलेल्या काथ्यासारखी लागते.

गावाने त्या जमिनीभोवती नवा बांध घातला होता. बांधात पाण्याची दारं ठेवलेली, त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. पुढच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, ती दारं लावून खारं पाणी कायमचं बाहेर ठेवायचं आणि जमीन वाळवून भात घ्यायचा, असा बेत होता. डबे पोहोचतील त्याच्या पुढच्या आठवड्यात, रविवारी बैठक, आणि लगेच दारं बंद. या एकट्या शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या वडिलांनी त्याला कधीतरी सांगितलं होतं की या मातीचं पाणी तोडलं की ती उलटते. उलटते म्हणजे काय, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरून काढलीये," तो फोनवर म्हणाला. "डबे खाडीच्याच पाण्याने काठोकाठ भरलेत. बर्फात घालून पाठवतोय. बैठकीच्या आधी मला एवढंच सांगा, वाळली तर ही माती भात देईल का?"

मी त्याला सांगते म्हटलं. कशाला म्हटलं, देव जाणे. अशी माती ओली आणि गार ठेवावी लागते, डब्यात हवा शिरू द्यायची नसते, कारण तिच्यात गंधक असतं आणि हवा लागली की ते आम्ल होतं. हे मला पाठ होतं. करून मी कधीच पाहिलं नव्हतं.

डबे शुक्रवारी आले आणि शुक्रवारीच आमच्या प्रयोगशाळेचा मोठा फ्रीज बसला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, सगळ्या शहराचे कूलर एकदम चालू, व्होल्टेज वर-खाली होत होतं, आणि त्यातच त्याचा कॉम्प्रेसर गेला. साहेब गुरुवारपर्यंत सुट्टीवर. मला दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेकला निघायचं होतं, सहा दिवसांचं माती तपासणीचं शिबिर. ते मला टाळता येण्यासारखं नव्हतं. मी थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन ऑटोने घरी आले आणि चारही डबे घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. सकाळी चपला घालता घालता आईला म्हणाले, "आई, फ्रीजमधे मातीचे डबे आहेत. माती नीट ठेवजो वं."

"ठेवतो ना," आई म्हणाली. "मले काय माती नवी आहे?"

ते खरंच होतं. माझे बाबा अशाच एका प्रयोगशाळेत शिपाई होते. काम वाढलं की मातीच्या पिशव्या घरी घेऊन येत. गच्चीच्या जिन्याखाली सावलीत वर्तमानपत्रं पसरायची, त्यावर माती पातळ ओतायची, ढेकळं बोटांनी फोडायची, मुळं आणि काड्या वेचून टाकायच्या, आणि वाळेपर्यंत राखण करायची. हे सगळं आई करत असे. मी तिच्या शेजारी बसून गृहपाठ केलेला आहे. बाबा संध्याकाळी आले की एक चिमूट उचलून बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "नीट ठेवली." आईला त्यांनी दिलेली शाबासकी म्हणजे हे दोन शब्द. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

शिबिरातून मी रोज फोन करत होते. पहिल्या दिवशी विचारलं, लाईट गेली होती का? थोडीशी गेली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं, माती ठीक आहे ना?

"मस्त आहे. मी पाहून राहिली ना. तू जेवली काय?"

तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "लय वास होता वं त्या मातीले. सडल्या अंड्यावानी. आता नाही येत."

मला बरं वाटलं. जेवायला बसले, वरणभात कालवला, आणि पहिला घास तोंडाशी नेताना थांबले. डबे बंद होते. तोंडाला चिकटपट्टी होती. मग वास आलाच कसा, आणि आला तर गेला कसा? मी लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. मनाला समजावलं की फ्रीज उघडल्यावर येत असेल थोडा. इतकी वर्षं नको तिथे शंका घेत आले आणि नेमकी तिथेच मी गप्प बसले. त्याचा राग मला आजही येतो.

गुरुवारी दुपारी घरी पोहोचले. दार उघडताच कूलरचा ओला वारा अंगावर आला. कूलरच्या समोर, खिडकीच्या सावलीत, पाटावर आमची मोठी पितळी परात होती. परातीत माती पसरलेली. तपकिरी, भुसभुशीत, मधे मधे हळदीसारखे पिवळे ठिपके. बाजूला वर्तमानपत्रावर मुळांचा आणि पानांच्या तुकड्यांचा ढीग होता, निवडून काढलेला.

"पाह्य कशी झाली," आई पदराला हात पुसत आली. "उन्हात नाही ठेवली बरं. सावलीतच. कूलरच्या हवेत. पण लबाडलं तुले त्या मानसानं. माती कमी अन् कचराच जास्त होता."

तो कचरा म्हणजेच ती माती होती.

मग मी आईवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "कोणं सांगतलं होतं तुले?" हे एक आठवतं. आई आधी गोंधळली, मग तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "तूच तं म्हनली, नीट ठेवजो," आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहिली.

मी फ्रीज उघडला. तीन जागा रिकाम्या. चौथा डबा होता तसाच होता, कारण त्याचं झाकण आईला उघडता आलं नव्हतं. मी तो गार डबा छातीशी धरून खाली फरशीवर बसले. रविवारला तीन दिवस होते. त्या माणसाला काय सांगायचं? भाऊ, तुमची माती माझ्या आईने कुरडयांसारखी वाळवली?

बऱ्याच वेळाने आई परात रिकामी करायला आली. तिने माती हलकेच कागदावर ओतली आणि परात उचलून उजेडात धरली.

"हे काय झालं वं?" ती म्हणाली. "चिंच लावल्यावानी झाली."

आमची परात कित्येक महिन्यांत घासलेली नव्हती. कडा काळपट होत्या. आणि जिथे जिथे ओलसर माती टेकली होती तिथे पितळ लखलखत होतं, दिवाळीला आई चिंच लावून घासते तसं. आईने बोट फिरवून वास घेतला. "आंबली माती तुही," ती म्हणाली.

मी उठून बॅगेतली सामू, म्हणजे मातीचा आंबटपणा, पाहायची पट्टी काढली. परातीतली चिमूटभर माती वाटीत पाण्यात कालवली, पट्टी बुडवली. ती लाल झाली. एवढी लाल पट्टी मी काळ्या मातीत आयुष्यात पाहिलेली नव्हती. मग चौथ्या डब्याचं झाकण जेमतेम उचलून दुसरी पट्टी लावली आणि लगेच झाकण दाबलं. तिचा रंग फारसा बदलला नाही. एकाच चिखलातली माती. ओली होती तोवर गरीब, आणि सहा दिवस कूलरची दमट हवा मिळाली तर पितळ खाणारी. त्यात भाताचं रोप काय तग धरणार?

शुक्रवारी साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "तीन नमुने बाद. चौथ्याची रीतसर चाचणी लाव. निकालाला काही आठवडे लागतील. तोवर लेखी एक अक्षर द्यायचं नाही." ते बरोबर होते. परातीत, घरी, निवडलेल्या मातीवर कुणी अहवाल लिहितं का? मी बाहेर येऊन व्हरांड्यात फोन लावला आणि तो उचलला जाईपर्यंत मनात म्हणत होते, नको उचलू दे.

त्याने उचलला. मी एका दमात सांगितलं. आमच्या हातून चूक झाली, तीन डबे वाया गेले, आणि असं असं झालं. परातीचंही सांगितलं.

"पाणी आहे तोवर ती ठीक आहे?" त्याने विचारलं.

"हो. एका डब्यावरून तरी तसंच दिसतं."

"हे लिहून द्याल?"

"आत्ता नाही देता येणार."

"मग बैठकीत मी दाखवू काय, मॅडम? निम्म्या लोकांनी बियाणंसुद्धा सांगून ठेवलंय."

संध्याकाळी घरी आईला हे सांगितलं, खरं तर ओरडल्याबद्दल काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परात दाखव म्हना त्यायले."

परातीचा फोटो आम्ही खिडकीशी काढला. अर्धी काळपट, अर्धी लखलखीत. आईने ती दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे तिची बोटंही त्यात आली. फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी सकाळी नाही. त्या दिवशी दारं लावणार होते, आणि मी फोनकडे बघत दोनदा दूध उतू घातलं. माझ्या भरवशावर तो तोंडघशी पडला तर? आणि पट्टीच जुनी असली तर? मीच चुकले असले आणि गावाचं एका हंगामाचं भात माझ्यामुळे गेलं तर? आईने परात धुतली नव्हती. ती तशीच भिंतीला टेकवून ठेवली होती.

दुपारी फोन आला. उघाडी या भांगाला लावायची नाहीत, चौथ्या डब्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं. दोघं जण बैठकीतून उठून गेले होते. "आता सगळं त्या एका डब्यावर आहे, मॅडम," तो म्हणाला. "जपा हं त्याला." मी हो म्हटलं. प्रयोगशाळेचा फ्रीज दुरुस्त झाला आहे, तरी रोज सकाळी मी आधी त्याच्या दाराला हात लावून तो गार आहे का ते पाहते.

आईला बातमी सांगितली. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती परातीशी जाऊन बसली, चमकणाऱ्या भागावर हात ठेवून.

"मंग तुह्या बाबानं आयुष्यभर चुकीचंच केलं काय वं?"

"नाही वं, आई. बाबांची माती वाळवायचीच होती. ही ओलीच ठेवा लागते."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं.

"मंग हे मले सांगाचं होतं ना," ती म्हणाली.

शिबिरातून मी तिला रोज फोन केला होता. एवढं एक वाक्य मी एकदाही बोलले नव्हते.