वासूअण्णाचे लाल क्यालिपर

कुंभारवाड्याच्या वासूअण्णानं उभी हयात जीप हाकण्यात घालवली. जोयड्याहून निघायचं, भाताची पोती, बाळंतिणी, कोंबड्या, जे काही पुढ्यात येईल ते भरायचं आणि रानातल्या वाड्यावाड्यांवर नेऊन टाकायचं. त्या जीपला झाकलेलं असं काही नव्हतंच. बॉनेट तारेनं बांधलेलं, पत्र्याला भोकं, आतली सगळी हाडंकाडं चारचौघांत उघडी. शेवटी ती भंगारात गेली, तेव्हा अण्णानं गणेशगुडीच्या एका लॉजवाल्याकडून जुनी मोटार घेतली. बघायला गेला तेव्हा चाकाच्या आऱ्यांमधून आत काहीतरी लालभडक दिसलं आणि अण्णा तिथंच उकिडवा बसला.

"हे काय म्हणायचं?"

"क्यालिपर," लॉजवाला म्हणाला. "ब्रेक दाबला की चाकामागची तबकडी चिमटीत धरतंय बघ. आमच्या भावानं हौसेनं रंगवलंय."

अण्णानं इंजिनाचा आवाज ऐकला नाही, कागदपत्रं उलटून बघितली नाहीत. इतकी देखणी वस्तू आणि आत कोंडलेली, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

घरी आणून चाक काढलं तर रंगाचे पोपडे सुटलेले आणि वर ब्रेकच्या काळ्या भुकटीचा थर. अण्णानं दात घासायच्या ब्रशानं साबण लावून ते धुतलं. ब्रश बायकोचा, सुंदरीचा होता, हे तिनं त्याला सकाळी सांगितलं. मग दाराला लावून उरलेला तैलरंग त्यानं क्यालिपरला फासला आणि ऐटीत जोयड्याला निघाला. उतारणीला चाकांतून धूर निघाला. असा वास सुटला की मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या गाडी थांबायच्या आधीच देवाचं नाव घेत दार उघडू लागल्या.

जोयड्याचा मेकॅनिक परशू पोट धरून हसला. "अण्णा, दार तापतंय काय कधी? ब्रेक तापतोय. त्याला आच सोसणारा रंग लागतोय. आदी तारेच्या ब्रशानं जुना रंग काढ. मग पॉलिश पेपर मार. तबकडी आन रबरी पाइप कागदानं झाकून घे. तबकडीवर थेंब बी पडू देऊ नको, न्हाईतर गाडी थांबायची न्हाई."

अण्णानं तसंच केलं. रंगाचा एकेक हात पातळ दिला आणि मधल्या वेळात सुपानं वारा घालत बसला. सुंदरीला तांदूळ पाखडायचे होते. तिनं सूप मागितलं तर, "थांब गं, ओलं हाय आजून," म्हणाला. वाळल्यावर ते क्यालिपर असे लखलखले की शेजारचा कुत्रा भुंकला.

आणि तिथून अण्णाचं डोकं फिरलं. गाडी बाहेर नेली की लाल मातीनं क्यालिपर बरबटायचे. आला की चाकं काढायची, धुवायचं, पुसायचं, परत चाकं लावायची.

"अवो, माती बी लाल, ते बी लाल," सुंदरी म्हणायची. "कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं!"

डबकं दिसलं की तो बसणाऱ्यांना खाली उतरवून वाटेवर फळ्या टाकायला लावायचा. लोक म्हणाले, त्यापेक्षा चालत गेलेला लवकर पोचतो. मग अण्णानं गाडी बाहेर काढणंच बंद केलं. आणि बाहेर जायचंच नाही तर चाकं कशाला? चाकं माळ्यावर टाकली, गाडी अंगणात चिऱ्यांवर चढवली. आता क्यालिपर कसे मोकळे दिसत होते. येणारेजाणारे वाकून बघायचे, चहा घ्यायचे. सुंदरी बाजाराला बसनं जायची आणि जाताना गाडीकडे न बघता जायची.

अशात पुतण्याचं, झिलूचं लग्न ठरलं. मुलगी रामनगरकडची, श्वेता. झिलूला काकाच्या गाडीतूनच जायचं होतं.

"चाकं लावा," सुंदरी म्हणाली.

"लावली की मग दिसणार काय?" अण्णा म्हणाला. आणि खरोखर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठला, परशूकडे गेला आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ठरवून आला.

लग्नाच्या सकाळी वाडीतल्या गड्यांनी बांबू घालून गाडी उचलली आणि ट्रॉलीत ओंडक्यांवर ठेवली. दोरांनी आवळली. आत मुंडावळ्या बांधलेला झिलू, मागं सुंदरी, आणि स्टिअरिंगला वासूअण्णा. ट्रॉली परशूचा ट्रॅक्टर ओढत होता, तरी अण्णानं इंजिन चालू केलं आणि गिअर टाकला. बिनचाकांच्या तबकड्या लाल क्यालिपरांमधून गरगर फिरायला लागल्या. वळण आलं की अण्णा स्टिअरिंग वळवायचा. म्हैस दिसली की हॉर्न द्यायचा.

"हळू चालवा हो," सुंदरी मागून म्हणाली. गाडीत बसल्यावर तिला ही सवयच होती.

जगलबेटच्या अलीकडं उतारावर परशू पुढून ओरडला, "अण्णा, ब्रेक मार!" का ओरडला हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. अण्णानं पाय दाबला. तबकड्या जागच्या जागी थांबल्या. त्याच घटकेला परशूनंही ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला आणि सगळं वऱ्हाड जिथल्या तिथं उभं राहिलं. मागच्या टेंपोतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. झिलूनं काकाचे पाय धरले.

मांडवाशी मुलीकडचा एक म्हातारा ट्रॉलीभोवती फिरून आला. "पावणं, गाडीला चाकं न्हाईत."

"असती तर हे दिसलं असतं काय?" अण्णानं बोट दाखवलं.

म्हाताऱ्यानं ट्रॉलीच्या काठाला धरून टाचा उंचावून बघितलं. मग म्हणाला, "व्हय, ते बी खरं." मुलीच्या आईनं नवरदेवाला ओवाळलं आणि ताट घेऊन क्यालिपरपाशी आली. लालावर कुंकू उठेना, म्हणून हळद लावली.

परतताना श्वेता शिडीनं ट्रॉलीत चढली. खाली वाकून तिनं पुढचं बघितलं, मागचं बघितलं.

"काका, मागं क्यालिपर का न्हाईत?"

वासूअण्णाच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं अंगणात मुद्दामच गाडीची मागची बाजू गवताच्या गंजीकडं करून ठेवली होती. मागच्या ब्रेकला तबकडी नव्हतीच, नुसते लोखंडी ड्रम होते, गंजलेले, भाकरीच्या तव्यासारखे. "कंपनीनं दिलंच न्हाईत पोरी," तो अगदी हळू म्हणाला.

"मग तेच रंगवूया की."

घरी पोचल्यावर जेवून सुस्तावलेले गडी गाडी उतरवायला तयार होईनात. ती ट्रॉलीतच राहिली. दुसऱ्या दिवशी दोन वाड्यांवरची माणसं आपल्याकडच्या लग्नाला तशीच, ट्रॉलीसकट गाडी मागायला आली. परशू लगेच डिझेल भरून आला.

ती दोन्ही लग्नं व्हायच्या आत ड्रम तयार व्हायला हवे होते. अंगावरची हळद निघायच्या आधी नवी सून तारेचा ब्रश घेऊन ट्रॉलीत बसली. अण्णा कागद चिकटवत होता. घासून झालं आणि रंगावर गाडं अडलं.

"लालच," अण्णा म्हणाला.

"पिवळा. पुढं लाल, मागं पिवळा," श्वेता म्हणाली.

"हे असं कुठं असतंय?"

"चाकं नसलेली गाडी तरी कुठं असत्या, काका?"

तेवढ्यात सुंदरी चहा घेऊन शिडी चढली, ड्रमकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "हिरवा का न्हाई?"