मुळ्यांची भरलेली गाडी

बसचा कंडक्टर निवृत्त झाला आणि घराची बस झाली. बायको भाजी फोडणीला टाकतेय तोच हा स्वयंपाकघराच्या दारात उभा: "आत सरका, आत सरका, मध्ये रिकामंच आहे!" दिवसभर चिडचिड, रात्रभर कूस बदलणं. झाडांना पालवी फुटायला लागली तशी बायकोनं गच्चीवरचा फुटका टब आणि मुळ्याच्या बियांची पुडी त्याच्यापुढे आदळली.

"हे लावा. मुळे आले नाहीत तर मी चालले बहिणीकडे राहायला. मग मारा एकट्यानं फेऱ्या!"

कंडक्टरची पाचावर धारण बसली. स्वतःच्या चहात साखर किती लागते, तेसुद्धा बायकोलाच ठाऊक. त्यानं अख्खी पुडी टबात ओतली. रोपं उगवली ती एकमेकांच्या खांद्यावर चढूनच.

वरच्या मजल्यावरची नर्स गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली आणि टबात डोकावली. "काका, फार दाट झालीयेत. निम्मी उपटा, नाहीतर मुळा पोसायचाच नाही."

"उपटू? अगं, दारात लोंबकळणाऱ्यालाही मी कधी खाली उतरवलं नाही!"

"मग काकू उतरतील. त्यांची धमकी वरपर्यंत ऐकू आलीय."

कंडक्टरनं लगेच एक रोप उपटलं. "रागावू नको बाबा, मागची गाडी रिकामी येतेय." आता शब्द दिला म्हणजे गाडी आणणं आलं. उपटलेल्या रोपांसाठी जुनी बादली आली, रंगाचे डबे आले, नर्सचं तडकलेलं घमेलंही आलं. पाणी घेऊन जिना चढउतार करता करता गडी असा दमायचा, की रात्री जेवता जेवताच घोरायचा. स्वयंपाकघर इतकं शांत झालं, की बायकोनं दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

काढणीला ती गच्चीवर आली. टबातले मुळे सरळसोट होते. पण उपटून दुसरीकडे लावलेल्यांना चक्क पाय फुटले होते! कुणाला दोन, कुणाला तीन. एकानं तर मांडीच घातली होती.

"अहो, हे काय?"

कंडक्टर एक पाऊल मागे सरकला. "उभ्यानं प्रवास केलाय त्यांनी. पाय लागणारच ना!"

बायको हसत सुटली, ती पोट धरून पायरीवरच बसली.

"मग... बहिणीकडे जाणार?"

"जाणार तर! हा मांडीवाला तिला दाखवायला नको? संध्याकाळी येते परत."

तिनं मुळे पिशवीत भरले, पण चेन काही लागेना.

"एखादा काढ बाहेर," कंडक्टर म्हणाला.

"काढते कशाला?" तिनं पिशवीवर गुडघा ठेवला. "सरका रे आत! मध्ये रिकामंच आहे!"