कमलताईचे फवारणीवाले

माझी थोरली बहीण कमलताई गेल्याची तार सकाळी आली. शाळेत रजेचा अर्ज, शेजारी किल्ली, अकोल्याची गाडी... सगळं मी अर्ध्या तासात उरकलं. माणूस गेल्यावरही मला आधी कामंच दिसतात. ताई यावरच हसायची. "तू तं यादी केल्याबिगर शिंकतबी नाई," म्हणायची.

दहा वर्षांपूर्वी तिचा तीन वर्षांचा विनू हिवतापाने गेला. त्याआधी सरकारी फवारणीवाले डासांची पावडर घरभर मारून गेले होते. ताईने दोन्ही गोष्टी जोडल्या. "थे डासाइसाठी नव्हतीच. गरिबाइची पोरं जास्त झाली म्हून वरून हुकूम आला."

"मग शेजारची पोरं कशी वाचली?" भेटायला गेले तेव्हा मी विचारलं.

"थेच तं! लोकाइले संशय येऊ नये म्हून!"

अमरावतीला परतल्यावर मी तिला सात मुद्द्यांचं पत्र लिहिलं. क्रमवार, आरोग्य खात्यातल्या माणसाला विचारून. चौथा मुद्दा असा: फवारलेली भिंत पोतारू नये, लोक सणाला पांढरी माती फिरवतात, औषध झाकलं जातं आणि डास पुन्हा घरात येतात. उत्तर आलं नाही. पुढे भेटी झाल्या, माझ्या आवडीचं ती आठवणीने रांधायची, पण विनूचं नाव माझ्यासमोर तिने पुन्हा काढलं नाही. शेजारणींना मात्र फवारणीवाल्यांची गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिली. मला वाटे, फार शिकली नाही म्हणून खरं मानते.

तेराव्याला बैठकीची खोली आवरताना भिंतींचे पोपडे हाताला लागले. "भावजी, इतकी टापटिपीची बाई, भिंती अशा कशा ठेवल्या?"

ताईचे यजमान एक पोपडा बोटाने खरवडत म्हणाले, "पावडरीचे डाग दिसत म्हून पोळ्याले तिनं साऱ्या पोतारल्या होत्या. फवारणीवाले पोतारू नका म्हून सांगून गेले होते. मंग इनूले ताप आला. त्यानंतर तिनं मातीले हात नाई लावला."

म्हणजे माझा चौथा मुद्दा तिला माझ्याआधीच ठाऊक होता. त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणूनच तिने तो वरचा हुकूम मधे उभा केला होता, आणि मी तो खोडायला निघाले होते, आकडे घालून.

घर, शाळा, सगळं वेळेवर चालू आहे. पण त्या बैठकीत, त्या भिंतीला पाठ टेकून, एकदाच ताईच्या शेजारी बसायचं आहे. तिचा हात धरून म्हणायचं आहे, "हो माय, आपल्या इनूले त्याइनंच मारलं."