सासूबाईंचा गोळ्यांचा डबा

लॅबमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. अडचण एवढीच, की त्यातले निम्मे जेवताना सांगता येत नाहीत आणि उरलेले सांगितले की रात्री मलाच झोप लागत नाही. जळगाव जामोदला आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. डॉक्टर सर, सँपल गोळा करणारे सलीमभाई आणि जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी मी, एवढाच स्टाफ. मी मुळातच काळजीखोर. त्यात नोकरी ही अशी!

*

एक काका लघवीची तपासणी करायला आले होते. घरी त्यांनी सँपल आधी लोणच्याच्या बरणीत धरलं आणि मग आमच्या डबीत ओतलं. रिपोर्ट आला: एकही जंतू नाही! काकांचा ताप मात्र तसाच.

"बरणी धुतली होती ना, काका?" मी विचारलं.

"हाव तं! फिनाइलनं धुतली, दोन खेपा!"

सलीमभाई म्हणाले, "काका, जंतूच काय, त्याहीचे आजे-पणजे बी मेले असतीन त्याच्यात!"

सगळे हसले. मीही हसले आणि मग एकदम मनात आलं: तो रिपोर्ट खरा मानून काकांनी औषध बंद केलं असतं तर? तेव्हापासून मी डबी देताना प्रत्येकाला बरणीबद्दल विचारते. लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

*

बाजारातले एक किराणा शेठ रिपोर्ट घ्यायला आले. त्यांच्या जंतूला तीन औषधं लागू पडत नव्हती.

"डाकटर साहेब, मी तं हे औषध जिंदगीत खाल्लं नाही. मंग माह्या जंतूले ते पचवाची अक्कल आली कुठून?"

सर खुशीत आले. असा प्रश्न त्यांना वर्षातून एकदा मिळतो. म्हणाले, "शेजाऱ्याकडून! एक जंतू दुसऱ्याच्या जवळ जातो, बारीक नळी पुढे करतो आणि औषधातून वाचायच्या कृतीची एक नक्कल त्याला देऊन टाकतो. स्वतःकडची तशीच राहते."

"फुकट?"

"फुकट. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी देतो."

"जातपात पाहत नाहीत? मंग तं माणसाहून बरे हायेत बुवा!"

"बरे हायेत शेठ," सलीमभाई म्हणाले, "पण त्याहीचा भाईचारा आपल्या जिवावर हाय!"

*

जंतू एकमेकांना खबर देतात, हेही सरांनीच आम्हाला सांगितलं. थोडे असले की काही जंतू गप्प राहतात. प्रत्येक जण थोडं थोडं रसायन सोडतो; ही त्यांची मोजणी. ते रसायन दाट झालं, की त्यांना कळतं, आता आपण पुरेसे जमलो. मग सगळे एकदम कामाला लागतात.

हे ऐकल्यापासून मला शांततेचीच भीती वाटायला लागली. सलीमभाईंनी तर त्याचा नियमच करून टाकला. एकदा रिपोर्टला उशीर झाला. बाहेर बाकावर एका पेशंटचे सात-आठ नातेवाईक बसले होते, अगदी शांत. सलीमभाई धावत आत आले.

"मॅडम, लवकर करा! मघापासून चूप हायेत. मोजून राह्यले!"

*

आता आमच्या सासूबाई. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. गल्लीत कोणाच्याही उरलेल्या गोळ्या त्यात जमा व्हायच्या आणि ज्याला लागतील त्याला त्या काढून द्यायच्या. त्यांना नाव एकाही गोळीचं माहीत नव्हतं. सगळा कारभार रंगावर! लाल-पिवळी खोकल्याची, पांढरी लांबट जुलाबाची.

"आई, अर्धवट औषध घेतलं की जंतू शहाणे होतात हो," मी हात जोडून सांगायची.

"पाच दिवसाच्या गोळ्या, दोन दिवसात बरं वाटलं. मंग उरलेल्या फेकाच्या काऊन? कोणाचा तरी जीव वाचते!"

शेवटी मी डबा उचलला आणि लॅबच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

"आजी चूप हायेत?" सलीमभाईंनी डोक्याला हात लावला. "मॅडम, मोजून राह्यल्या!"

तिसऱ्या दिवशी घरात नवा डबा होता, काठोकाठ भरलेला. प्रत्येक घरानं आपापल्या गोळ्या आणून टाकल्या होत्या.

*

यंदा सासूबाईंना हुडहुडी भरून ताप आला. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरत होतं. दवाखान्यात भरती केलं आणि सँपल माझ्याच हाताखाली आलं. एक दिवस जंतू वाढायला, एक दिवस औषधांच्या चकत्या लावून पाहायला. औषध चाललं, की चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल दिसतो.

मी प्लेट उघडली. एकाही चकतीभोवती गोल नव्हता. मी तीच प्लेट पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत होते, शेवटी सरांनी ती माझ्याकडून काढून घेतली. जास्त जोरदार औषधांच्या दुसऱ्या प्लेटवर एकाच इंजेक्शनच्या चकतीभोवती गोल सापडला. ते खामगावहून मागवलं. हेही लागू पडलं नाही तर पुढे काय, हे मी सरांना विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

दोन दिवस इंजेक्शन चालू होतं आणि सासूबाई डोळे मिटून पडून होत्या. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसायची आणि देवाला नको नको ते नवस बोलायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वच्छलाबाई आल्या. हातात आमच्या घरून आणलेला तो नवा डबा!

"अख्ख्या गल्लीनं अजून गोळ्या टाकल्या वो," त्या रडत म्हणाल्या. "आजीनं आमच्यासाठी एवढं केलं. आता याच्यातली कोणतीतरी लागू पडनच."

मला हसावं की रडावं कळेना. झाकणाचा आवाज झाला आणि सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्या हाताखालचं कपाळ घामानं ओलं आणि थंडगार होतं. ताप उतरला होता! मी हुंदका दिला.

सासूबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पलीकडच्या खाटेवर एक अनोळखी बाई खोकत होती. सासूबाईंनी डबा ओढला, चाचपून एक लाल-पिवळी गोळी काढली आणि सलाईनची नळी लावलेला हात पुढे केला.

"घे माय. खोकल्यावर लई चांगली हाय."

त्या बाईनंही हात पुढे केला.