बोनारियाच्या लग्नाचं पिंप

रायमोंदोकाकांच्या मते जगात दोनच गोष्टींना घाई चालत नाही: वेर्नाच्चा वाइन आणि बोनारियाचं लग्न. बाकी सगळ्यात त्यांना घाई. जेवायला बोलावलं, तर टेबल मांडायच्या आत येऊन बसतील.

बोनारिया त्यांची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्या वर्षीची वाइन त्यांनी तिला लग्नात द्यायला एका पिंपात राखून ठेवली होती. आमच्या बारातिली गावात वेर्नाच्चाचं पिंप काठोकाठ भरत नाहीत. मोकळी जागा ठेवली की वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते आणि सायीखाली ती मुरत राहते. मुरेल तितकी चांगली. काकांना नेमकी इथेच पळवाट सापडली.

जावीनो जवळच्या काब्रास गावचा मच्छीमार. त्याने मागणी घातली तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. काकांनी नळीने घोटभर वाइन काढली, जिभेवर घोळवली आणि म्हणाले, "छान आहे. पण पुढच्या वर्षी आणखी छान होईल." मग दरवर्षी हेच. जावीनो बोय माशाची वाळवलेली गाभोळी घेऊन यायचा, काका ती खायचे आणि त्याला एक वर्ष वाढवून द्यायचे.

"काका, गाभोळी बंद होईल म्हणून लग्न अडवलंय ना?" मी कुंपणावरून विचारायची.

"तू तुझ्या कोंबड्या सांभाळ, असुंता."

खरं कारण मला दिसत होतं. काकू गेल्यावर घरात ही दोघंच उरली होती आणि काकांना एकटं पडायची भीती वाटत होती. पण कबूल करतील तर ते काका कसले! मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

यंदा जावीनो रिकाम्या हातांनी आला. मी तिथे मीठ मागायला गेले होते, असं समजा.

"काका, आज काय ते सांगा," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "नाहीतर मी पुन्हा यायचा नाही."

बोनारियाचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी घोट घेतला आणि शेवटचं हत्यार काढलं. "लग्नानंतर पिंप तुझ्या घरी न्यावं लागेल. हलवलं की साय बुडते, वाइन बिघडते. मग?"

"मग पिंप राहू दे इथेच. मी हलतो."

"आणि तुझी होडी?"

"ती राहील काब्रासला. पहाटे मोटरसायकलवर जाईन."

काकांनी नळी खाली ठेवली. मग पिंपाकडे बघतच म्हणाले, "तयार तर ही केव्हाच झाली होती."

"ठाऊक आहे, बाबा," बोनारिया म्हणाली. "ईस्टरला तुम्ही चर्चमध्ये गेलात की मी दरवर्षी चाखायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सोडून जायला मला तरी कुठे जमत होतं?"

जावीनोने टक्कल खाजवलं. "म्हणजे न चाखलेला मी एकटाच."

काकांनी त्याच्यासाठी ग्लास घेतला आणि काठोकाठ भरला.